दोघांनी ऐकलं तरच

रविवार, ३ मार्च
सामानाची खोली, दुपारी

सुप्या,

आधी "प्रिय" लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही आणि एकदम "प्रिय" म्हटलं, तर तू म्हणशील ताईचं काहीतरी काम अडलेलं दिसतंय. तसं काही नाही. हे पत्र मी टाकणारही नाहीये. तेव्हा निवांत लिहिते.

झालंय असं, की पथकात एक समुपदेशक बाई आल्यात. दोन वर्षांत चार जण नोकरी सोडून गेले. एक जण तर पुलाच्या कामावरून परत आला, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि जेवणाचा डबासुद्धा न घेता गेला तो गेलाच. तेव्हा कुठे वरच्यांना शोध लागला, की लोकांना वाचवायला जाणाऱ्यांनाही मन असतं. म्हणून ह्या बाई. मोठा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं इतकं हळू की मलासुद्धा कान टवकारावे लागतात. मदतकार्यातल्या माणसांचं मन खंबीर कसं करायचं ते शिकवणार आहेत. मी तोंडावरच म्हटलं, "मन म्हणजे काय जॅक आहे का बाई, चार वेळा दांडा दाबला की वर येईल?" सगळे हसले. बाईपण हसल्या. मला वाटलं होतं चिडतील.

मग त्यांनी कागद वाटले. झोप कशी लागते, एक ते पाच. भूक कशी लागते, एक ते पाच. घरच्यांवर चिडचिड होते का. मी सगळीकडे उत्तम उत्तम करत खाली आले. बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "ताई, इतकं छान तर मलाही वाटत नाही कधी." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ज्या माणसासमोर उभं राहता येत नाही त्याला एक पत्र लिहा. टाकू नका. पण सगळं पहिल्यापासून लिहा, वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून.

तर हे घे पहिल्यापासून. तुला सगळं तोंडपाठ आहे, तरी ऐकून घे.

आपण दोघं एकाच बचाव पथकात होतो. मी यंत्रावर, तू कानावर. माझं यंत्र म्हणजे ती काळी पेटी, तिच्यातून निघणाऱ्या तारा, तारांच्या टोकांना चकत्या. चकत्या ढिगाऱ्यावर ठेवायच्या आणि कानांवर ते मोठे फोन चढवून बसायचं, खालून कुणी ठोकतंय का, खरवडतंय का ते ऐकत. तू नुसताच स्लॅबला कान लावायचास. लहानपणापासून सगळे तुला सुपाएवढ्या कानांचा म्हणून चिडवायचे, मीच सगळ्यात जास्त. त्या कानांनी तुला नोकरी दिली. पथकात घेताना साहेब म्हणाले होते, "हा पोरगा यंत्राचा बाप आहे."

आणि नियम. शिट्टी झाली की सगळं बंद. कापायची यंत्रं, जनरेटर, फोन, बोलणं. त्या दोन मिनिटांत खोकला आला तर माणूस तोंडात बाही कोंबतो. दोन मिनिटं झाली की ऐकणाऱ्या दोघांनी मूठ छातीशी धरायची. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. साहेब आधी यंत्रवाल्याला विचारणार. ऐकलं असेल तर बोटांनी आकडा दाखवायचा, किती ठोके. मग कानवाल्याने मूठ उघडायची. आकडा जुळला तर सगळं काम तिकडे. यंत्रवाल्याने पंजा आडवा केला, तर कानवाल्याने मूठ उघडायचीच नाही. दोघांनी ऐकलं तरच तो आवाज. नियम कडक होता, पण त्याला कारण होतं. ढिगाऱ्यावर उभं राहिलं की प्रत्येकाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं.

ती पाच मजली इमारत बसली त्या दिवशी पश्चिमेच्या बाजूला एक बाई जिवंत होती, आपल्याशी बोलत होती. क्रेन एकच. पूर्वेला जिन्याच्या बाजूला साहेबांनी शिट्टी दिली. दोन मिनिटांनी तू मूठ धरली होतीस. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंजा आडवा केला. क्रेन पश्चिमेला गेली, ती बाई निघाली, आजही दर वर्षी पथकाला पत्र पाठवते. तू मात्र ओरडायला लागलास. आहे, आहे, खाली माणूस आहे. चौघांनी धरून तुला गाडीत बसवलं.

पुढे महिनाभर तू तेच बोलत राहिलास. मग डॉक्टरांची समिती बसली. नसलेले आवाज ऐकू येतात, कामास अयोग्य. कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही. तू गाव सोडलंस.

झालं. लिहिलं. पुन्हा वाचलं तर अगदी अहवालासारखं झालंय. मधे एक वाक्य खोडलंय ते उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, नीट गिरवलंय मी ते.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही.

ताई


मंगळवार, १२ मार्च
तीच खोली

सुप्या,

काल तुझ्या बायकोचा फोन आला. दीड वर्षानंतर. पडद्यावर "वहिनी" असं बघितलं आणि मनात म्हटलं, कोण गेलं? माणूस गेल्याशिवाय आपल्या घरात कुणी दीड वर्षाने फोन करत नाही.

तिने मला मोरीतलं सांगितलं.

तू तिला सांगितलं असशील, ताईला कळवू नकोस. तिने कळवलं. रागावू नकोस तिच्यावर. तिला दुसरं कोण आहे विचारायला?

शनिवारी ती कामावर होती. घरात तू आणि पोर. पोर मोरीत गेली, आतून कडी लावली, कडी अडकली. पाच वर्षांची पोर ती. आधी हाका मारल्या, मग प्लास्टिकच्या मगाने दार बडवलं. तू स्वयंपाकघरात होतास. कानांत कापूस, वरून दोन्ही हात. दीड तास. वहिनी आली तेव्हा पोरीचा आवाज बसला होता आणि तू भिंतीकडे तोंड करून खाली बसला होतास. तू तिला म्हणालास, "मला वाटलं तेच आहे."

ह्यानंतर वहिनीला रडू फुटलं.

आणखीही सांगितलं तिने. दार वाजलं की तू आधी तिला विचारतोस, "तू ऐकलंस का?" ती हो म्हणाली तरच उठतोस. घरी एकटा असलास तर दार उघडतच नाहीस. छापखान्यात नोकरीही मुद्दाम धरलीस, का तर तिथे यंत्रांच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. आणि आता म्हणतोयस पोरीला तिच्या आजीकडे ठेव, कायमची. माझ्या भरवशावर सोडू नकोस, उद्या ती खरंच हाक मारेल आणि मी बसून राहीन.

वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही तिथे होता त्या दिवशी. तुम्हीच सांगा, गोळ्या वाढवून घेऊ का? की पोरीला पाठवूनच देऊ? येत्या महिन्यात शाळेची नावं घालायची आहेत, तेव्हा मला ठरवायला हवं."

आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "बघू."

बघू! सहा वर्षं जिची जीभ कात्रीसारखी चालते, नव्या भरतीतल्या मुलांना जी उभं आडवं झोडपते, तिला सुचलं काय, तर बघू. फोन ठेवल्यावर मला तुझाच राग आला. काय मेंगळट माणूस आहेस, म्हटलं. डोळे नाहीत का तुला? उठून मोरीचं दार बघायचं की नाही? मग बायकोला छळणाऱ्या सगळ्या नवऱ्यांचा राग आला, मग डॉक्टरांचा, मग ह्या चष्मेवाल्या बाईंचा, ज्यांनी नको ते उकरायला लावलं. सगळ्यांवर राग काढून झाला आणि शेवटी मी एकटीच उरले.

आज दुपारी बाईंनी आम्हाला गोलात बसवलं. कामानंतरची बैठक. त्यांनी नवीन पद्धत सुरू केलीय. कामावरून आलं की हत्यारं पुसायच्या आधी वीस मिनिटं बसायचं आणि प्रत्येकाने आज काय बघितलं, काय ऐकलं ते एकेक सांगायचं. नियम एकच, दुसऱ्याने सांगितलेलं खोडायचं नाही. "तसं नव्हतं रे" असं म्हणायचं नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता भजनी मंडळ सुरू.

आपला मोठ्या गाडीचा चालक आठवतोय ना? हत्तीएवढा माणूस, दोन माणसांचं स्ट्रेचर एकट्याने उचलणारा. तो म्हणाला, गाडीत मला अजून धुराचा वास येतो, तीन वेळा धुतली तरी येतो. शेजारचा पटकन म्हणाला, "छे, कसला वास, मी पण बसतो की त्याच गाडीत." बाईंनी नुसता हात वर केला. "त्यांना येतोय. पुढे बोला." आणि तो हत्ती बाहीत तोंड खुपसून रडला. कुणी हसलं नाही. पाच मिनिटांनी त्याने चहा मागितला, वर साखर कमी म्हणून कुरकुरही केली. इतकं सोपं होतं ते.

माझी पाळी यायच्या आत मी उठले. दोर मोजायचे राहिलेत म्हटलं. दोर सकाळीच मोजले होते.

बाई मागे सामानाच्या खोलीत आल्या. काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ताई, इतकी वर्षं हे काम बघतेय. भयंकर बघून माणसं हलतात, पण बहुतेक सावरतात. ज्याला आपल्याच माणसांनी सांगितलं, की तू बघितलंस ते झालंच नव्हतं, त्याला सावरणं फार कठीण जातं." त्यांना काहीच माहीत नाही रे. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं बाईंना माझ्या खिशातली ही पत्रं दिसतायत.

उद्या लिहिते. आज हात चालत नाही.


बुधवार, १३ मार्च

सुप्या,

मी ऐकलं होतं.

हेच ते खोडलेलं वाक्य. आता खोडत नाही.

यंत्राच्या चौथ्या चकतीवर, जिन्याच्या बाजूने. स्वच्छ ऐकलं. लोखंडावर लोखंड. भास नव्हता, पाण्याची ठिबक नव्हती, तडकणारं सिमेंट नव्हतं. कुणीतरी मोजून ठोकत होतं. तू मूठ धरलीस तेव्हा माझीही मूठ छातीशी होती. मग मी ती उघडली आणि पंजा आडवा केला.

का, ते सांगते, आणि ह्यावेळी सगळं सांगते. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले, की पश्चिमेला बोलणारी बाई होती, क्रेन एकच होती, कुणालातरी निवडायचं होतं. निवड बरोबर होती असं साहेबही म्हणाले असते. पण तेव्हा माझ्या डोक्यात ती बाई नव्हती. तो वरचा स्लॅब होता, एका सळीवर लटकलेला. आकडा जुळला असता तर आत कोण गेलं असतं? पथकात सगळ्यात बारीक कोण? तूच. साहेबांनी तुझ्याच कमरेला दोर बांधला असता. मला तुझी मान दिसत होती, कॉलरमधून वर आलेली, धुळीने पांढरी. आणि तू पथकात आलास त्या दिवशी आई मला म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं." मी दुसरा कसलाच विचार केला नाही. पंजा आडवा झाला.

इथपर्यंत असतं तर मी तुझ्यासमोर मान वर करून उभी राहिले असते. भावाला वाचवलं म्हटलं असतं, काय करायचं ते कर. पण पुढे काय केलं ते बघ.

तिसऱ्या दिवशी जिन्याखाली एक म्हातारा सापडला. तू तोवर घरी होतास. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि पाण्याच्या पाइपावर किल्ल्यांचे चरे होते, एका जागी, खूप. मी बघितले. बाकीचे स्ट्रेचर आणायला गेले होते. अहवालात मी लिहिलं, इमारत कोसळताच मृत्यू. कुणी उलटतपासणी केली नाही, यंत्रवाल्या ताईंनी लिहिलं म्हणजे बरोबर.

मग समिती बसली. मला सरळ विचारलं, तुमच्या यंत्रात आवाज आला होता का? तेव्हा वर स्लॅब नव्हता. तू बाहेरच्या बाकावर सुखरूप बसला होतास, आईने दिलेली पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. तेव्हा खरं बोलले असते तर फार तर माझी नोकरी गेली असती. मी म्हटलं, "नाही." म्हणजे ते खोटं तुझ्यासाठी नव्हतं, सुप्या. ते माझ्यासाठी होतं. ज्या हातावर अख्खं पथक विश्वास ठेवतं तो हात खोटा निघाला, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आणि सगळ्यात वाईट त्याच्याही नंतरचं. तू माझ्या घरी आलास. जेवत होतो आपण. तू हातातला घास खाली ठेवलास आणि म्हणालास, "ताई, एकदाच खरं सांग. मी तू म्हणशील ते धरून चालेन." मी ताटातून वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "तुझ्या डोक्यात आहे ते. गोळ्या घे वेळेवर." तू "बरं" म्हणालास. भांडला असतास तर बरं झालं असतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःच्या कानांवरचा काढलास. शनिवारी मोरीच्या दारामागे पोर ओरडत होती आणि तू माझं ऐकत बसला होतास.

तुझे कान चांगले आहेत रे. पहिल्यापासून चांगले होते. पोरीला कुठेही पाठवू नकोस.

पण माझ्या नुसत्या म्हणण्यावर तू का विश्वास ठेवावास? उद्या तुला वाटेल वहिनीने रडून सांगितलं म्हणून ताई समजूत घालतेय. म्हणून नियमाप्रमाणे करू. तू किती ठोके ऐकलेस ते तू कधीच कुणाला सांगितलं नाहीस. समितीने विचारलं तेव्हाही म्हणालास, "यंत्राचा पंजा आडवा होता, मूठ उघडायची नसते." डॉक्टरांना तेही वेडाचंच लक्षण वाटलं. मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तर ती मूठ अजून तुझ्याकडे तशीच आहे, आणि मीही माझी आजवर कुणासमोर उघडलेली नाही.

ह्या मोठ्या पाकिटात एक लहान पाकीट आहे, डिंकाने बंद केलेलं. त्यात माझ्या रोजच्या नोंदीच्या वहीतलं पान आहे, त्या दिवशीचं. वर शाईने लिहिलंय "आवाज नाही". खाली कोपऱ्यात पेन्सिलीच्या रेघा आहेत. ऐकताना हात आपोआप रेघा मारतो, तुला माझी सवय माहीत आहे. त्या मी खोडल्या नाहीत. का नाही खोडल्या ते मलाही सांगता येणार नाही.

आधी तू तुझा आकडा लिही. वहिनीसमोर. मग पाकीट फोड. उलटं करू नकोस.

बाईंनी सांगितलं होतं टाकू नका. तिन्ही पत्रं टाकतेय. आणि अशीच एक प्रत कार्यालयात देतेय, आवक क्रमांक घेऊन.

क्षमा कर असं लिहिणार नाही. सहा वर्षं गिळून बसलेल्या बाईने तीन पानांत क्षमा मागायची, हे फारच स्वस्तात होईल.

ताई


रविवार, १४ एप्रिल
घरी, सकाळी

सुप्या,

तुझं कार्ड आलं. आईने घेतलं पोस्टमनकडून. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, माझ्या हातात देत म्हणाली, "काय लिहिलंय? एवढंसंच आहे." मी वाचून दाखवलं नाही. म्हटलं, खुशाल आहे. हे आज तुला कबूल करते, आणि तिलाही खरं सांगितलं पाहिजे; खोटं बोलायची सवय माणसाला चिकटते ती अशी.

दोन वाक्यं. "आकडा जुळला. तू येऊ नकोस."

नाही येणार. मी बॅग भरून ठेवली होती, ती रिकामी केली. तुला वाटेल मला वाईट वाटलं असेल. वाटलं. दिवसभर मी घरात भांडी आपटत फिरले. पण पहिलं वाक्य वाचताना जे झालं ते कसं सांगू? स्लॅबखालून कुणी जिवंत निघालं की आपण सगळे येड्यासारखे हसायचो ना, तसं मी एकटीच हसले, मग रडले. आई म्हणाली, "खुशाल आहे म्हणतेस आणि रडतेस काय?"

इकडचं सांगते. कार्यालयाने चौकशी लावलीय. यंत्र माझ्याकडून काढून घेतलं, प्रशिक्षणाचं पदही. आता मी सामानाच्या खोलीत दोर मोजते, ह्यावेळी खरोखर. साहेब आता निवृत्त झालेत, त्यांना घरी भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा हात बघूनच मी क्रेन पश्चिमेला पाठवली." एवढंच. चहाला थांब म्हणाले नाहीत.

म्हाताऱ्याची मुलगी शोधली. दोन गावं पलीकडे राहते. तिलाही लिहिलंय. तिचं उत्तर आलेलं नाही, येऊही नये कदाचित.

आणि गोलात बसून सगळ्यांसमोर सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा उठले नाही. बाईंचा नियम होता म्हणून कुणी खोडलं नाही, पण कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. हत्ती मात्र नंतर दोरांच्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे आम्ही त्याला धरून गाडीत कोंबलं. मी त्याचा दंड पिरगळला होता." त्याला तुझा पत्ता हवाय. तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

नव्या लोकांसाठी बाईंनी एक गोष्ट नियमात बदलायला लावलीय. यंत्राचा पंजा आडवा असला तरी कानवाल्याने मूठ उघडायची. काम कुठे करायचं ते साहेब ठरवतील, पण जे ऐकलं ते वहीत लिहायचं, दोघांचं वेगवेगळं. एवढा साधा नियम आधी कुणाला सुचला नाही.

वहिनीचा काल फोन आला होता. तू येऊ नकोस म्हणालास, फोन करू नकोस असं नाही म्हणालास, म्हणून मी बोलले. तिने सांगितलं, लहान पाकीट तू नऊ दिवस घड्याळाच्या मागे ठेवलं होतंस. रोज काढायचास, बघायचास, परत ठेवायचास. दहाव्या दिवशी दाढी केलीस, पोरीच्या रंगीत खडूने कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्ठं लिहिलंस: चार, आणि बाजूला एक. चार ठोके, थांबून एक. मग पान उघडलंस. चार रेघा, जागा सोडून एक रेघ. वहिनी म्हणाली, "ताई, दुपारी त्यांनी मोरीची कडी काढून टाकली, आणि संध्याकाळी पोरीला शाळेत नाव घालायला कुठले कागद लागतात ते मला विचारलं." तिथलीच शाळा, तुमच्या गल्लीतली.

ती म्हणाली तुझा राग फार मोठा आहे. माझं नाव काढलेलं चालत नाही. असू दे. तो राग खऱ्या गोष्टीवर आहे. इतकी वर्षं तू स्वतःवर रागावलेला होतास, आता माझ्यावर आहेस, ही मला बढतीच वाटते.

अजून एक सांगितलं तिने. परवा संध्याकाळी ती पोळपाटाशी होती, हात पिठाचे. तू पेपर वाचत होतास. दार वाजलं. ती सवयीने म्हणणार होती, हो, मी ऐकलं. तेवढ्यात पुन्हा वाजलं, जरा जोरात. आणि तू पेपर न ठेवता तिथूनच ओरडलास, "आलो, आलो! बहिरा नाहीये मी!"

दारात इस्त्रीवाला होता. घर चुकला होता.

ताई